ऑइलला दहापैकी किती?

जगातली निम्मी दुःखं ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे होतात, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कुणाचा संसार मोडला, कुणाचा मुलगा दहावीला नापास झाला, कुणाला अर्धांगवायू झाला, की मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "वेळच्या वेळी बघितलं नाही, दुसरं काय?" पोलादपूरला तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. मूलबाळ नव्हतं, मामी लवकर गेल्या होत्या. होती ती एक दुधी रंगाची जुनी पेट्रोल गाडी. स्वतःच्या रक्तातली साखर त्यांनी चार वर्षांत तपासली नव्हती, पण गाडीचं ऑइल दर रविवारी तपासलं जायचं. ऑइलची पट्टी उपसायची, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची आणि टोकावरचा थेंब एखाद्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टेकवायचा. थेंब किती पसरतो, मधला डाग किती काळा दिसतो हे बघून मामा त्याला लाल शाईने दहापैकी गुण द्यायचे. सहाच्या खाली नापास. पोरांना पस्तीस टक्क्यांवर सोडता आणि ऑइलला साठ का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोरं पुढच्या वर्षी सुधारतात, जावईबापू. ऑइल सुधारत नाही."

हा न्याय ते परक्या गाड्यांनाही लावत. उमरठच्या एका लग्नात नवरा-नवरी गाडीत बसली, सनई थांबली, बायकांचं रडून झालं, तरी गाडी हलेना. पुढे जाऊन बघतो तर मामांनी झेंडूच्या माळा बाजूला सारून बॉनेट उघडलेलं आणि पट्टी उन्हाला धरून ड्रायव्हरची तोंडी परीक्षा चाललेली. वरमाय फणकारल्या, तर मामा शांतपणे म्हणाले, "अहो, मुलगी घरी पोचायला हवी ना?" वरात पाऊण तास रखडली. मी तेव्हा नवा जावई होतो, म्हणून त्यांना ओळखत नसल्यासारखा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

त्यांचा मंत्र एकच होता, तीन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. ऑइल काढायचं तेही इंजिन गरम असताना, नाहीतर गाळ तळाशीच राहतो. म्हणून मामा आधी कशेडीच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारून येत आणि मग अंगणातल्या दोन चिऱ्यांवर गाडी चढवून खाली शिरत. निघालेलं जळकं ऑइल फुकट जात नसे. आमच्याकडे घराच्या खांबांना, दारांना आणि गोठ्याच्या मेढींना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडांना, ते फासतात, म्हणजे वाळवी लागत नाही. त्यामुळे मामांच्या ऑइलला वाडीत नंबर लागायचे. डोंगराकडचा गणू डबा घेऊन पायरीवर बसलेला मी कितीदा पाहिला आहे. "मास्तर, औंदा माजा नंबर हाय. गोठ्याच्या मेढी वाळवीनं खाल्ल्यान," तो म्हणायचा.

पुढे मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी गाडी मला देऊन टाकली. मी महाडला एका कचेरीत कारकून. गाडी देताना त्यांनी फक्त तो मंत्र माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मी वदलो आणि विसरलो. सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला, "ऑइल बदललंत?" मी "हो" म्हणालो. एवढ्यावर भागलं असतं, पण मामा म्हणाले, "मग जुनं घेऊन या. गणूचा नंबर आहे."

आता जे सांगतो त्याची मला आजही लाज वाटते. हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजमधून मी जळक्या ऑइलचा डबा भरून घेतला आणि पोलादपूरला नेऊन दिला. मामांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. मग थेंब कागदावर टेकवून तो कागद डोळ्यांशी धरला. "बरंच काळं झालंय," एवढंच म्हणाले. गुण दिले नाहीत. त्यांना दिसत नाही याचं मला त्या क्षणी चक्क बरं वाटलं. असे तीन डबे मी दोन वर्षांत पोचवले.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुमच्याच गाडीतून नेतो." महाड सोडल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. मागे बायको, शेजारी मामा. मामांना तो दिसणार नाही, असा हिशेब करून मी गाडी रेटत राहिलो. वरंध सोडून घाट चढायला लागलो आणि इंजिन खडखडलं, कण्हलं आणि जाम झालं. मामा चाचपडत उतरले. खिशातून फडकं काढून त्यांनी पट्टी उपसली. टोकाला डांबरासारखा एक ठिपका होता, बाकी पट्टी कोरडी. ते थोडा वेळ माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी दरीकडे बघत होतो. मग बायकोला म्हणाले, "गाडीचं वय झालं होतं गो. मीच तुमच्या गळ्यात मारली." मागून येणाऱ्या एसटीला हात करून आम्ही पुण्याला गेलो. ऑपरेशन झालं, गाडी भंगारात गेली.

त्यानंतर मामा चार वर्षं होते. स्वच्छ दिसायला लागलं होतं त्यांना. दर सणाला मी जायचो, जेवायचो, पान खायचो. सांगावंसं वाटायचं, जिभेवर यायचं, आणि मी हवापाण्यावर बोलून परत यायचो.

त्यांच्या दिवसांना गणू आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तुमचा पयलाच डबा मास्तरांनी वळखला व्हता. बोट नाकाला लावला नि म्हनले, गणू, हा ट्रकचा हाय. तुज्या मेढींना बरा. पन जावयबापूंना काय बोलू नको. ते आपनहून सांगतील."

मी मांडवातच मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, जावयाचा फार जीव होता.

आता माझी दुसरी गाडी आहे. तीन हजार झाले की मी ऑइल बदलतो. मेकॅनिक हसतो, "साहेब, अजून मधासारखं आहे." परवा ते जुनं ऑइल घेऊन मी गणूकडे गेलो. त्याच्या गोठ्याच्या मेढी अजून काळ्याभोर आहेत. त्याने डब्यात बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं, "ह्यो नाय कामाचा. लय साफ हाय." मी खिशातल्या कागदावर एक थेंब टेकवला आणि पसरताना बघत बसलो. डाग फिका होता. मामांनी आठ गुण तरी दिले असते. पण पहिल्या डब्यापासून ते ज्या एका उत्तराची वाट बघत होते, त्याचा पेपर मी कोराच ठेवला.