साडेतीन तास

"चिपीहून तेजू किती लांब रे?" आईने विचारलं. चिपी आमच्या सिंधुदुर्गातला विमानतळ. तेजू पार अरुणाचलात, ताई तिथे नोकरीला आहे. मी मोबाइलवर दोन्ही नावं टाकली. नकाशावर एक सरळ रेघ उमटली आणि खाली उड्डाणाचा वेळ आला, साडेतीन तास.

आई त्या रेघेकडे बघतच राहिली. "साडेतीनच तास? अरे, 'येते' म्हणून गेली, त्याला चार दिवाळ्या झाल्या!"

त्या रेघेवरून एकही विमान उडत नाही. विमानं बदलत आलं तरी दोनच दिवस लागतात.

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे ताईला आईनेच शिकवलं होतं.