पडीक म्हटलेली खार

गावच्या देवळाच्या स्मरणिकेत आमच्या एकाच जमिनीवर दोन लेख छापून आले आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं.

जमीन खारबावजवळ, खाडीला लागून. आम्ही तिला खार म्हणतो. बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचं. नवरा गेल्यावर आमचा निम्मा भाग मी कसत होते, निम्मा दिरांचा. बांध दोघांत एकच.

दीर शाळामास्तर होते. त्यांनी लिहिलं, तिवरांवर बगळे उतरले की खाडीनं पांढरी फुलं माळल्यासारखं दिसतं. माझा मुलगा दापोड्याला गोदामात कामाला. पूर्णा गावापर्यंत गोदामं आली होती, आपलीही जमीन विकावी असं त्याच्या मनात. त्यानं लिहिलं, ‘खारट, पडीक पट्टा, कोणाच्याच उपयोगाचा नाही.’ मी चौथी शिकलेली. दोन्ही लेख बोट ठेवून वाचले. भात दोघांच्याही लेखात नव्हतं.

आमच्यात एखाद्याच्या जमिनीला पडीक म्हणणं म्हणजे त्या माणसालाच निकामी म्हणणं. मुलाला तो नुसता कागदावरचा शब्द वाटला. दिरांना शिवी लागली.

भादव्यात खेकड्यांनी बांध पोखरला. दुसऱ्या दिवशी अमावास्या, दुपारी उधाणाची भरती. खारं पाणी आत शिरलं असतं तर पोटरीला आलेलं, लोंब्या धरायच्या बेतातलं भात जळालं असतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे काही पिकलं नसतं. एका घराची माणसं पुरणार नव्हती. मी दिरांकडे गेले.

“वहिनी, आधी त्याला शब्द मागं घ्यायला सांग. मग येतो.”

“भावजी, भरती थांबनार न्हाय. न्हायतर तुमच्या लेखातले बगळे पाठवा बांधाला.”

मी घरी येऊन मुलाला त्यांची अट सांगितली. मुलगा म्हणाला, “छापलेला शब्द मागं कसा घेऊ, आई?”

“नको घेऊ. तुझ्या लेखात जमीन मेलेलीच हाय. मेलेलीला पानी काय करनार? बस घरात.”

सकाळी दोघंही आले. दोघांच्या बायका, पोरी आल्या. खालून चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात वर द्यायचे, वरच्यानं थापायचे. वर दीर उभे राहिले, खाली मुलगा. दीर त्याच्या हातचा गोळा घेईनात. म्हणून मी मध्ये उभी राहिले, इकडून घेऊन तिकडे देत. पाणी चढत होतं. मग एका जागी बांध खचला, खांड पडली आणि पाणी आत यायला लागलं. मध्ये माझे हात कमी पडत होते. उगाच वेळ जात होता.

मी बाजूला झाले आणि बांधावर बसले.

“आई, अगं काय करतेस!”

“माझे हात भरून आले. द्या-घ्या तुमचं तुम्ही.”

मुलगा गोळा घेऊन उभा. दीर त्याच्याकडे बघेनात. खांडीची कड माझ्यासमोर ढासळली.

“दे रे निकाम्या!” दीर ओरडले. “बघतोस काय? मोठा दे!”

“हा घ्या, काका. आणि हात नको, पायानं दाबा.”

“मला शिकवतोस?”

खांड बुजली. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, तसंच थांबलं आणि ओहोटी लागली. खालचा एक कोपरा खाऱ्यानं जळाला, बाकी भात वाचलं.

शब्द कोणी मागं घेतला नाही. दिवाळीपर्यंत दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. भात झोडायला मात्र बरोबर आले, आणि झोडतानाही भांडत होते.