हे हायाशी-सान कोण?

रविवारी सकाळी मी बेलवलीहून निघाले तेव्हा सुनील, माझा नवरा, दारापर्यंत आला. "लोकेशन चालू ठेव," तो म्हणाला. "आणि कशावरही सही करू नकोस."

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. गेली दोन वर्षं फोनवरून जपानी शिकते आहे, निव्वळ हौस म्हणून. बोलायला कोणी नाही, त्यामुळे भांडी घासताना स्वतःशीच बोलते. अंबरनाथला दर रविवारी जपानीचा फुकट वर्ग भरतो असं कळलं, तेव्हा आनंदाआधी शंकाच आली. फुकट का? गेल्याच वर्षी माझ्या जावेला तिच्या मुलाच्या हुबेहूब नकली आवाजात फोन आला होता, 'आई, मला पोलिसांनी धरलंय.' मुलगा आतल्या खोलीत झोपलेला होता, म्हणून ती वाचली.

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षातून उतरून पत्ता शोधला. दुसरा मजला, दाराला कुलूप. दारावर वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर एकही मराठी अक्षर नाही. मी एकेक अक्षर लावत वाचलं: 'बाशो गा कावारिमाशिता' (जागा बदलली आहे). खाली 'उरुहासुनागारु' आणि दुकानाचं नाव. उरुहासुनागारु म्हणजे उल्हासनगर, हे कळल्यावर मी एकटीच हसले. मग हसू मावळलं. ऐन वेळी जागा बदलणारी माणसं कशी असतात?

समोरच्या दारातल्या बाईंना विचारलं.

"म्हात्रे काका ना? चांगले आहेत हो," त्या म्हणाल्या. "घरमालकाने रंगाचं काम काढलंय म्हणून आज इथे नाय. रविवारी सगळे मिळून काय बडबडतात, आपल्याला काय कळत नाय."

शंका गेली नाही, तरीही दुसरी रिक्षा केली.

उल्हासनगरची ती खोली पडद्याच्या कापडाच्या दुकानावर होती. दुकान लता आंटींचं. साठीच्या सिंधी बाई, वर्गातल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी. "आओ, आओ. बसा. पहले खा लो," असं म्हणत त्यांनी ताटली पुढे केली. ओनिगिरी (भाताचे त्रिकोणी मुटके), आणि सोबत सोया सॉसमध्ये परतलेली कमळकाकडी. "हमारी 'भी' और उनका 'रेनकोन', एकच चीज," आंटी म्हणाल्या. कमळकाकडी कुरकुरीत होती, किंचित गोडसर. दोन काप आनंदाने खाल्ले, आणि आपण फार लवकर विरघळतोय असं वाटून ताटली बाजूला ठेवली.

आम्ही सहा जण होतो. शिकवणारे म्हात्रे काका आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मशीन ऑपरेटर. त्यांनी प्रत्येकाला एक उतारा वाचायला दिला आणि समोर फोन ठेवला. मीही वाचला. वाचून झाल्यावर काकांनी फोनवर बोट फिरवलं, आणि त्याच्या पडद्यावर एक परदेशी नंबर दिसला. माझा आवाज त्या नंबरला गेला होता.

"हे कोणाला पाठवलंत?"

"हायाशी-सानना. सगळ्यांचं जातं."

"मला न विचारता? पुसा आधी. आत्ता!"

माझा आवाज चढला होता. लता आंटींच्या हातातली ताटली तशीच राहिली. काका मात्र शांतपणे म्हणाले, "चुकलंच माझं ताई. विचारायला पायजे होतं." त्यांनी ते पुसलं. मग सांगितलं: हायाशी-सान, म्हणजे हायाशीसाहेब, जपानहून कारखान्यात मशीन बसवायला आले होते. पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये बसून त्यांनी काकांना जपानी शिकवली. आता ते तिकडेच असतात, आणि त्यांना दिसत नाही. आमचे उतारे ऐकून ते चुका सांगतात. "शिकवणारे तेच. मी नुसता निरोप्या."

"कशावरून? लावा फोन."

काकांनी लावला. पडद्यावर एक हडकुळे आजोबा आले, डोळे मिटलेले. दोन वर्षं मी या क्षणासाठी वाक्यं घोकली होती, आणि तोंडातून निघालं, "आनाता वा दारे देस का?" (तू कोण आहेस?)

एकीने तोंडावर हात नेला. वडीलधाऱ्या माणसाला असं विचारणं तिकडे उद्धटपणाचं. आजोबा खदाखदा हसले. "उतागाइबुकाइ हितो देस ने!"

काकांनी मान खाली घालून अर्थ सांगितला, "फार संशयी बाई आहे, म्हणतात."

मग आजोबांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. 'त्सु'ला त्यांनी तीनदा अडवलं. "मराठीत आहे की तो," काका पुटपुटले, "आपल्या चुलीतला चु!" मी तसं म्हटल्यावर पलीकडून आजोबा म्हणाले, "सोऽऽ, सोऽऽ!" (बरोबर, बरोबर!)

संध्याकाळी घरी पोचले. "फसवलं का?" सुनीलने विचारलं. "अजून तरी नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्या आजोबांना खरंच दिसत नाही का, हेसुद्धा वाटेत मनात येऊन गेलं होतं, याची लाज वाटली. संशयाने मला वाचवलं असेल, पण दोन वर्षांनी भेटलेल्या पहिल्या जपानी माणसाला मी नमस्कारसुद्धा केला नव्हता.

मंगळवारी काकांचा फोन आला. "ताई, हायाशी-साननी तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय. विचारून पाठवतोय हां. पाठवू?"

मी हो म्हटल्यावर आलेल्या निरोपात आजोबांचाच आवाज होता, मुद्दाम सावकाश. पाच-सहा वेळा ऐकून पहिलं वाक्य लागलं: 'मी कोण, हे आजवर कोणत्याच विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं. सांगतो.'

पुढे ते दहा मिनिटं बोलले आहेत. मी वही घेऊन बसले आहे. आत्तापर्यंत त्यांचं गाव आणि आईचं नाव एवढंच कळलं आहे.