टेपमधले आबा

सोमवारपासून आबांचं गाणं आलं नव्हतं, आणि ते का आलं नाही हा भुंगा राजनंदिनीच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना तिचा हात मध्येच थांबे आणि मोबाईलकडे जाई. आबांच्या नावापुढं शेवटचं गाणं रविवारचंच. एरवी लेकीच्या, सईच्या, वेण्या घालायच्या वेळेला ते हमखास यायचं. मिनिटभराचं रेकॉर्डिंग. मागं कुठंतरी कोंबडा नाहीतर ट्रॅक्टरची धडधड, आणि पुढं आबांचा जाडाभरडा आवाज.

"नेट संपलं असेल गं," विश्वजित म्हणाला. तिचा नवरा असा, की जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे रिचार्ज. त्यानं सांगलीत बसल्याबसल्या सासऱ्यांच्या मोबाईलला तीन महिन्यांचं रिचार्ज मारलं. तरी गाणं आलं नाही.

मग तिनं फोन केला.

"आबा, कसे आहात?"

"बरा हाय. ऊस गेला तुटून. सई बरी?"

"बरी आहे. तुमची तब्येत..."

"झ्याक. ठेवतो."

आणि ठेवला. तक्रार करायला जागा नव्हती, आबांचा फोन हा असाच. घराला आग लागली असती तरी ते एवढंच बोलले असते आणि लॉटरी लागली असती तरी एवढंच. म्हणून तर तिचा सगळा भरवसा गाण्यावर होता. गाण्यात खोकला लपत नसे. रात्री झोप झाली की नाही ते पहिल्या ओळीतच कळायचं.

आबा म्हणजे आकाराम. जुन्या औंध संस्थानाच्या बाजूचं गाव, दोन घरांआड एक फौजी असलेलं. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले आणि सिग्नलमध्ये वायरलेसवर बसले. दिवसभर कानाला हेडफोन, दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे. स्वतःच्या घरी लिहायची वेळ आली की मात्र पत्रात दोनच ओळी, 'मी ठीक आहे, तुम्हीही ठीक असाल.' आई, म्हणजे बनुबाई, ती पत्रं राजनंदिनीच्या काकाकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, "ह्येला तिकीट कशाला लावत्यात कुनास ठावं."

मग एका सुट्टीत त्यांनी कँटीनमधून टेपरेकॉर्डर आणला, आणि पुढं पत्रांऐवजी कॅसेट यायला लागल्या. सुट्टीवर निघालेल्या कुणातरी जवानाच्या ट्रंकेतून त्या गावात पोचायच्या. कॅसेटमध्ये बनुबाईसाठी अवाक्षर नसे. सगळी पोरांची गाणी. युनिटमध्ये मुलखामुलखाची माणसं, त्यांना आबा विचारायचे, तुमच्याकडं लेकरांपुढं काय म्हणतात? कुणी गढवालचा चाल सांगायचा, कुणी तामिळनाडूचा. आबा त्या चालींवर आपल्या गावाकडचे शब्द बसवायचे:

रेडकू गेलं बाजाराला,
शेपूट इसरलं घराला.
शेपूट न्यायला आलं माघारी,
तर इसरलं बाजार कुठल्या वारी!

प्रत्येक गाणं संपलं की वायरलेसवरच्या सवयीनं म्हणायचे, "ओव्हर." राजनंदिनीला आणि तिच्या धाकट्या भावाला, जयराजला, वाटायचं की गाणं संपल्यावर असं म्हणायचीच रीत असते. पहिलीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात तिनं देवीची आरती म्हटली आणि शेवटी दोन्ही हात जोडून ठासून म्हणाली, "ओव्हर." मंडपातले सगळे फौजी पेन्शनर टाळ्या पिटत उभे राहिले. गुरुजींना काय झालं ते कळेना.

पण त्याच्या आधीचा एक किस्सा आहे, आणि तो घरात लग्नाकार्यात अजून सांगितला जातो. ती तीन वर्षांची असताना आबा दीड वर्षानं घरी आले. काळी ट्रंक, मिशा, उन्हानं रापलेला माणूस. आजी म्हणाली, "आगं, तुजा आबा आलाय." पोर किंचाळत आत पळाली, कोनाड्यातला टेपरेकॉर्डर छातीशी धरला आणि म्हणाली, "माजा आबा हितं हाय!"

सगळं घर हसलं. आबाही हसले. हसत हसत त्यांनी तिच्याकडे हात पसरले, तेव्हा आजीचा आवाज कडाडला, "आपलं पोर आपनच उचलून मिरवायचं? वडीलधारी बसल्यात, लाज न्हाई वाटत? फौजेत ह्येच शिकिवलं व्हय रं?"

तशी रीतच होती. बापानं आपलं मूल थोरामोठ्यांसमोर मांडीवर घ्यायचं नाही, लाडानं बोलायचं नाही, गाणं तर दूरच. पुतण्याला खांद्यावर घेऊन खुशाल गावभर फिरा, पण आपल्या लेकीकडे बघायचंसुद्धा ते डोळ्याच्या कोपऱ्यातून. आबांनी पसरलेले हात आखडते घेतले, खुंटीवरची टोपी काढली आणि शेताकडे गेले. बाकीच्या घरातही हेच होतं, पण बाकीच्या घरातले बाप गातही नव्हते. आबांना गायचं होतं, आणि ते जमायचं फक्त हजार मैलांवरून.

राजनंदिनीला स्वतःला आठवते ती पुढची एक सुट्टी. ती तापानं फणफणली होती. बनुबाई कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होती. आबा आत आले, कोनाड्यातल्या टेपमध्ये कॅसेट घातली, बटण दाबलं आणि बाहेर सोप्यात जाऊन दाराआड उभे राहिले. आतमध्ये आबा गात होते आणि दाराच्या फटीतून आबांचे पाय दिसत होते. कॅसेटची बाजू संपली की ते आत यायचे, कुणाकडे न बघता कॅसेट उलटी करायचे, पुन्हा बाहेर. ताप उतरेपर्यंत हे चाललं. हा माणूस इथंच आहे तर हा स्वतः का म्हणत नाही, एवढं तिला त्या वयातही वाटलं होतं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग विचारायचं वय निघून गेलं.

आबा पेन्शनवर आले तेव्हा आजी वारली होती. सोप्यात दटावणारं कुणी उरलं नव्हतं. पण तोवर पोरं कॉलेजात गेली होती आणि बापलेकीत बोलायचे विषय उरले होते दोन, फी आणि एस.टी. टेपवर बनुबाईनं विणलेला रुमाल पडला. पुढं लग्न झालं, राजनंदिनी सांगलीला आली. जयराज पुण्यात लागला. त्याला मुलगा झाला तशी बनुबाई "सा म्हैन्यात येते" म्हणून पुण्याला गेली, त्याला आता चार वर्षं होत आली. सुनेची नोकरी, बाळाचं बघायला कुणी नाही, म्हातारी अडकली ती अडकलीच. शेत टाकून आबा जाणार नव्हते. गेल्या दिवाळीत त्यांनी म्हशीही विकल्या, आपल्याच्यानं होत नाही म्हणाले. चार खोल्यांचं घर आणि एक माणूस.

त्या घरातून, सई अडीच वर्षांची असताना, एके सकाळी अचानक मोबाईलवर गाणं आलं होतं. नातीसाठी. राजनंदिनीनं ते ऐकलं आणि हातातला कंगवा तसाच राहिला. तोच आवाज, थोडा घोगरा झालेला. तेव्हापासून खंड पडला नव्हता. तो आता पडला.

तिनं पुण्याला आईला विचारलं. बनुबाई म्हणाली, "त्येंचं काय घिऊन बसलीस? जेवल्यात का तेवढं इचार." मग फोन ठेवता ठेवता, "जेवल्यात का पर? इचारून मला सांग."

शेवटी शनिवारी तिनं आबांच्या चुलतभावाला, शेजारच्या केरबाकाकाला, गाठलं.

"काका, आबा आजारी आहेत का?"

"न्हाई गं नंदे. दनदनीत हाय. दोन भाकरी खातोय की आमच्यात बसून."

"मग गाणं का बंद केलंय?"

केरबाकाका हसला. "आगं, आमाला पन चुकल्यागत हुतंय. रोज सकाळी माडीवर चढायचा, गल्लीकडं पाट करायचा, आन् फोन तोंडाफुडं धरून सुरू. कुनी बगू ने म्हनून पाट! सारी गल्ली ऐकतीया, आन् ह्येला वाटतंय कुनाला ठावंच न्हाई. परवा मी म्हनलं, दादा, तुजा बेंजो का रं बंद पडला?"

"काय म्हणाले?"

"म्हनला, गिऱ्हाईक मोठं झालं. आता नुसता बसतोय गोठ्याफुडं. गोठ्यात काय हाय? दावी हायती रिकामी. त्येंच्याकडं बगत बसतोय."

राजनंदिनीनं फोन ठेवला आणि सईला हाक मारली. सई टॅबलेटवर कसलंसं नाचाचं गाणं लावून आरशासमोर हात फिरवत होती.

"सई, तू आजोबांना काही बोललीस?"

"कधी?"

"रविवारी फोन दिला होता तुला, मी कुकर बघायला गेले तेव्हा."

"हो. मी सांगितलं, आजोबा, आता मी पहिलीला आहे, रेडकूचं गाणं बेबी लोकांचं असतं. आता नका पाठवू."

"मग?"

"बरं म्हणाले." सई पुन्हा आरशाकडे वळली. "रागावले नाहीत काही."

"अगं, पण मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला? तुला थोडंच पाठवत होते?" मग मान वळवून तिनं आईकडे नीट पाहिलं. "तुला हवंय का? मग तू मागून घे ना. मला कशाला ओरडतेस?"

राजनंदिनी खरं तर ओरडली नव्हती. सई पुन्हा नाचायला लागली आणि ही तिथंच पलंगाच्या कडेला बसली. मागून घे. ह्या पोरीला किती सोपं वाटत होतं. रोज सकाळी आवाज मोठा करून ऐकणारी कोण होती? सई तर वेणी ओढली म्हणून कुरकुरत असायची. नातीचं नाव पुढं होतं म्हणून त्यांना गाता येत होतं, आणि नातीचं नाव पुढं होतं म्हणून तिला ऐकता येत होतं. ते नाव निघालं आणि दोघंही बिनकामाचे झाले, एक सांगलीत, एक रिकाम्या गोठ्यापुढं.

तिनं आबांचं नाव उघडलं, माईकच्या खुणेवर अंगठा दाबला आणि म्हणाली, "आबा, सईचं राहू द्या. माझ्यासाठी पाठवत जा." पाठवायच्या आधीच तो निरोप तिनं पुसून टाकला. हा निरोप ऐकून आबा पुन्हा माडीवर चढतील, गल्लीकडे पाठ करतील, आणि गाणं पाठवून खाली येऊन एकटेच बसतील. इकडे ती ऐकेल, तीही एकटीच. असं तर आयुष्यभर झालं होतं.

तिनं टॅबलेटचा आवाज कमी करायला सांगितला आणि मोबाईल घेऊन गॅलरीत गेली. दुपारचं ऊन समोरच्या इमारतीच्या टाक्यांवर पसरलं होतं. ह्या वेळी तब्येत विचारायची नाही, असं तिनं ठरवलं. ऊस नाही, पाऊस नाही, सईसुद्धा नाही. सरळ म्हणायचं, आबा, एक गाणं म्हणा, आत्ता, मी ऐकतेय. ते गडबडतील. ठेवतो म्हणतील. कदाचित ठेवतीलही, आणि मग पुन्हा लावावा लागेल. छत्तीस वर्षांच्या बाईनं बापाकडे असला हट्ट धरायचा म्हणजे गल्ली हसेल, केरबाकाका तर गावभर सांगेल.

सांगू दे. तिनं नंबर लावला.