केसांवरून गाठीचा अंदाज

बायकोचे केस गळताहेत म्हणजे केमो लागू पडतेय, असं मी परस्पर ठरवून टाकलं. वर हा शोध वॉर्डात शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनाही ऐकवला. त्यांची वेणी शाबूत होती.

त्या मार्केट यार्डात लिंबं विकायच्या. बोलताना दोन बोटांत न दिसणारं लिंबू फिरवत म्हणाल्या, "माझी गाठ एवढी होती. तिसऱ्या डोसानंतर सोनोग्राफीत मोजली, तर बोराएवढी राहिलीय."

आमची मोजणी त्याच दुपारी होती. बायकोने हळूच त्यांनाच विचारलं, "माझीही लहान झाली असेल ना?"

"ते मशीन सांगंल, पोरी." मग माझ्या टकलाकडे निवांत बघत म्हणाल्या, "केसांवरून कळत असतं, तर तुझ्या नवऱ्याला एकही आजार उरला नसता."