दाखला काढल्यावर लावलेला कौल

पुण्याची गाडी जामसंड्याच्या नाक्यावर संध्याकाळी पाचला यायची. त्याआधी बाबा मला देवळात घेऊन गेले. घरातलं कोणी परगावी निघालं की आमच्याकडे देवीला कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गावच्या तुम्हां मंडळींपैकी जे मुंबईला, पुण्याला, दुबईला गेलात, ते सगळे असेच गेलात. पण माझ्यासारखं लबाडी करून कोणी गेलं असेल असं वाटत नाही.

बी.एस्सी. कॉम्प्युटरचं माझं पहिलं वर्ष तेव्हा झालं होतं. कॉलेजातले निम्मे संगणक बंद असायचे. पुण्यातला मावसभाऊ फोनवर सांगायचा, डिग्रीत वर्षं घालवू नकोस, नेटवर्किंगचं सर्टिफिकेशन कर, राउटर-स्विच हाताळायला शीक, वर्षात नोकरी. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी मी घाटात शंभरदा वाचली असेल, पण ती गाड्यांसाठी आहे असं समजत होतो. बाबांना सांगितलं, वर्षभराचा कोर्स आहे, तो करून येतो आणि डिग्री पुरी करतो. खरं तर आदल्या दिवशीच कॉलेज सोडल्याचा दाखला काढून आणला होता. तो बॅगेत कपड्यांखाली होता.

बाबा आंब्याच्या बागेत राबणारे. सर्टिफिकेशन हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. देवीला काय विचारायचं ते तूच गुरवाला सांग, म्हणाले. कोर्सला जाऊ का, एवढंच मी सांगितलं. डिग्री सोडतोय हे देवीलाही कळू दिलं नाही. गुरवाने पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाबा डोळे मिटून “व्हय म्हाराजा” म्हणत होते. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. बाबांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्याकडे बघवेना.

“कौल उजवो पडलो. आता भिया नको, झिला,” गाडीत बसवताना ते म्हणाले.

याला दहा वर्षं झाली. नोकरी लागली, मावसभावाने खोटं सांगितलं नव्हतं. आज मी एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, दिवसभर तिकीट, एस्केलेशन, डाउनटाइम असल्याच भाषेत बोलतो. पण सर्टिफिकेशनला मुदत असते. दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसायचं. आणि टीम लीडची जागा निघाली की अर्जात पहिलाच रकाना पदवीचा. माझ्याकडून काम शिकलेले दोघं माझ्या पुढे गेले. त्याचा राग येतो, पण तो गिळता येतो.

बाबा दर वर्षी विचारायचे, डिग्रीचं काय झालं? मी बाहेरून परीक्षा देतोय म्हणायचो. एका वर्षी कंटाळून ‘झाली’ म्हणून टाकलं. यंदा मे महिन्यात मसुऱ्याचं स्थळ आलं आणि बाबांनी मुलीच्या वडिलांना छाती पुढे काढून सांगितलं, मुलगा ग्रॅज्युएट आहे. मग मला फोन आला, डिग्रीच्या कागदाचा फोटो पाठव.

मी फोटोऐवजी स्वतःच गेलो. बाबा बागेतल्या मांगरात, त्या छोट्या खोपटात, आंबे पेट्यांत भरत होते. समोर बसून सगळं सांगितलं, दाखल्यासकट. त्यांचे हात चालूच होते. पेटी भरून झाल्यावर म्हणाले, “मी तुझ्यासाठी व्हय म्हाराजा म्हटलंय. कशाक म्हटलंय, ता तरी सांगूचा होतास.”

तुम्ही नको म्हणाल अशी भीती वाटली, मी म्हणालो.

“माका इचारूचा होतास रे. मी काय नको म्हणणार नव्हतंय.”

मग हात धुऊन, शर्ट घालून ते मसुऱ्याला निघाले. आपण खोटं बोललो, हे मुलीच्या वडिलांना तोंडावर सांगायला. मी येतो म्हटलं, तर हातानेच थांब म्हणाले. स्थळ मोडलं.

तुम्हांला घर म्हटलं की समुद्र आठवत असेल, आंबा आठवत असेल. माझ्यासाठी घर म्हणजे डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस होता. तो अजून आहे, रोज फोनही करतो. जेवलास काय, असं विचारतो. मी जेवलो म्हणतो. मग तो विचारतो, “खरांच मा?”