कुणी वापरत नाही म्हणे

मुलांनो, रविवारी तुम्ही वाट पाहिलीत आणि मी पडद्यावर आलेच नाही. आजी विसरली असं तुम्हाला वाटू नये, म्हणून लगेच लिहिते आहे.

संगणकाच्या मागे इंटरनेटची वायर खोचतात, तिथला छोटा हिरवा दिवा लागेना. शेजारचा शिरीष पाहायला आला.

"काकू, ही वायर ज्यात खोचतात ते कार्ड ठणठणीत आहे. पण तुम्ही संगणकाच्या प्रणालीची नवी आवृत्ती घेतलीत ना, तिच्यातून ते चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच काढून टाकलाय. इतकी जुनी कार्डं आता कुणी वापरत नाही म्हणे."

"मग मी कोण?"

"प्रणाली बनवणाऱ्यांनी आधी विचारलं होतं, कुणी वापरत असेल तर कळवा म्हणून."

"कुठे विचारलं?"

"इंटरनेटवर," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

ही प्रणाली फुकट आणि सगळ्यांसाठी खुली, म्हणून तर मी ती निवडली. मोडलेली वस्तू टाकावी, हे मला पटतं. पण चालती वस्तू, तिचा मालक काही बोलला नाही म्हणून टाकायची? जो गप्प आहे त्याचं काही म्हणणंच नाही, असं धरून चालणारी माणसं मी घरात पाहिली, सभांमध्ये पाहिली. तिथे निदान गप्प बसलेला माणूस समोर दिसत तरी असे. इथे मला दिसणारही नाही अशा कोपऱ्यात विचारायचं, मग वायरच निकामी करायची आणि तक्रार आली नाही म्हणायचं. याचा मला फार राग आला आहे.

मागची आवृत्ती डिस्कवर अजून आहे. शिरीषने तीच सुरू करून दिली. तिच्यावर माझं कार्ड चालतं.